चार मिनिटं अकरा सेकंद

रस्ता खोदणारं यंत्र नेमकं त्या क्षणी थांबलं, म्हणून तिला ऐकू आलं. नाहीतर आलंच नसतं. सव्वाआठ वाजले होते, खांद्याला पिशवी, कानाला फोन, आणि चालता चालता ती बाबांना रोजचे प्रश्न विचारत होती. प्रश्न पाचच. झोप लागली का, चहा झाला का, गोळी घेतली का, दार नीट लावलंय ना, काही हवंय का. उत्तरंही पाचच, ठरलेली, आणि ठरलेल्या क्रमानं येणारी. लागली, झाला, घेतली, लावलंय, काही नको. ऑफिसच्या कोपऱ्यावर वळायच्या आत सगळं आटपत असे. त्या दिवशी यंत्राच्या खडखडाटात पहिली दोन उत्तरं वाहून गेली, "गोळी घेतली का?" असं तिनं ओरडून विचारलं, आणि एकदम रस्ता गप्प झाला. त्या शांततेत बाबा म्हणाले, "लावलंय." ती चालतच होती. "दार नीट लावलंय ना?" "काही नको." "काही हवंय का?" "लागली," बाबा म्हणाले. "बरं, ठेवते मग," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकून पुढे गेली. दहा-बारा पावलं गेली असेल. मग ती भर रस्त्यात उभी राहिली. मागून येणारा माणूस तिला धडकला, काहीतरी पुटपुटला, निघून गेला. ती उभीच.

लगेच फोन लावावा की नाही? लावला आणि त्यांनी नीट उत्तरं दिली, तर आपण नीट ऐकलं नाही एवढंच ठरेल. नाही दिली तर? त्या 'तर'च्या पलीकडे जायची तिच्यात हिंमत नव्हती. माणूस खरा किती भित्रा आहे हे मोठ्या संकटात कळत नाही, अशा छोट्या फोनच्या वेळी कळतं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, एकटे. आई गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून हा सकाळचा फोन, एकही दिवस न चुकवता. या न चुकण्याचा तिला अभिमान होता. मैत्रिणींना सांगायची, काहीही असो, माझा बाबांना फोन असतोच. आणि आता रस्त्यात उभी राहून ती आठवायला बघत होती की काल त्यांनी काय उत्तरं दिली होती. आठवेना. परवाची? त्याआधीची? सगळे दिवस एकमेकांवर घडी करून ठेवलेल्या चादरींसारखे, एक उचलावी तर दुसरी तशीच खाली. त्यांचं डोकं चालेनासं झालंय, हा विचार आला, आणि तिनं तो मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात केला. प्रश्न पोचतच नाहीये आत. ओठांवर पाच शब्द रांगेनं उभे आहेत आणि फोन वाजला की एकेक बाहेर पडतोय. रांग एकानं सरकली, एवढंच.

ऑफिसात त्या दिवशी लगबग होती, कारण दुपारी दोनला यंत्रणा बदलायची होती. शहरात कोणाला काही झालं की ज्या नंबरवर फोन करून रुग्णवाहिका बोलावतात, त्या नंबरामागची जुनी यंत्रणा बंद होणार होती आणि यांच्या कंपनीनं केलेली नवी सुरू होणार होती. फोन आला की पत्ता टिपायचा, नकाशावर शोधायचा, सगळ्यात जवळची गाडी कोणती ते सांगायचं, असं त्या यंत्रणेचं काम. आणि हिचं काम, त्या यंत्रणेला जेरीस आणायचं. भारचाचणी. मिनिटाला चारशे खोटे फोन सोडायचे, खोटी माणसं, खोटे अपघात, आणि यंत्रणा कुठवर तग धरते ते बघायचं. एखाद्या दिवशी शहरात मोठं काही झालं, पूर आला, आग लागली, तर सगळे एकदम फोन करतील, त्या दिवसाची ही रंगीत तालीम. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. सरासरी बघू नका. सरासरी सगळ्यांची लाज झाकते. हजार फोनांना एका सेकंदात उत्तर मिळालं आणि एकाला मिळालंच नाही, तरी सरासरी गोंडसच दिसते. तो एक शोधा. नव्या यंत्रणेचा अहवाल तिनंच दिला होता, तीन आठवड्यांपूर्वी. चारशे फोन मिनिटाला, बहुतेक उत्तरं एका सेकंदाच्या आत, आणि सगळ्यात हळू उत्तर दीड सेकंदाचं. इतके चांगले आकडे तिनं जन्मात बघितले नव्हते. सगळ्यांनी पाठ थोपटली. अहवालाखाली तिची सही.

तिनं खुर्चीत बसून स्क्रीन लावला, पण डोळ्यांसमोर बाबाच होते. बाबांचं कामही एका अर्थी हेच होतं, म्हणून तर ती या वाटेला लागली. ते पुलांची तपासणी करायचे. नवा पूल झाला की त्यावर वाळूनं भरलेले ट्रक ओळीनं उभे करायचे आणि खाली उभं राहून पूल किती वाकतो ते मोजायचं. ती आठ-नऊ वर्षांची असताना एकदा हट्ट करून बरोबर गेली होती. वर बारा ट्रक, खाली ओलसर सावली, सिमेंटचा वास, आणि बाबा मान वर करून एका छोट्या तबकडीकडे बघत होते. तिला इतकी भीती वाटली होती की तिनं त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता, आणि तरी ते हलले नाहीत. पडला तर? तिनं विचारलं. पडला तर आपल्यावर पडेल, ते म्हणाले, म्हणून तर आपण खाली उभे राहतो, नाहीतर मोजणारा खोटं मोजतो. ट्रक गेल्यावरही ते तिथेच बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. भार काढल्यावर पूल पुन्हा जागेवर येतोय का, ते बघायचं असतं. वाकला याचं काही नाही, सगळेच वाकतात. तिला कंटाळा आला होता, भूक लागली होती, आणि तरीही तेव्हाची ती भीती अजून तिच्या पाठीत कुठेतरी होती. खुर्चीत बसल्या बसल्या ती आत्ता पुन्हा जागी झाली. कारण तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. अहवाल देताना ती कशाच्याही खाली उभी नव्हती.

आणि मग तिला कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण बाबांचं ते 'लावलंय' कानात घुमत होतं आणि समोर तिचेच ते गोंडस आकडे होते, आणि दोन्ही एकमेकांना चिकटले. प्रश्न आत न जाताच उत्तर येतं, ते भरभर येतं. यंत्रणेनं इतकी भरभर उत्तरं का दिली? कारण तिला ती पाठ होती. खोट्या फोनांसाठी लागणारे पत्ते रुग्णवाहिकेच्या केंद्राकडून यायचे होते, शहरभरातले तीस हजार. ती फाईल आली तेव्हा अक्षरं फुटलेली होती, अर्धे पत्ते वाचता येत नव्हते. दुसरी मागवली, ती उशिरा येणार होती. तोवर चाचणी अडायला नको म्हणून हिनं स्वतः बसून दोनशे पत्ते टाईप केले आणि तेच फिरवत ठेवले, तात्पुरते. यंत्रणा पत्ता पहिल्यांदा नकाशात शोधते, त्याला वेळ लागतो, तोच पत्ता पुन्हा आला की आठवणीतून देते. दोनशे पत्ते एका मिनिटात यंत्रणेला तोंडपाठ झाले आणि पुढचे दोन तास ती नुसती घोकंपट्टी म्हणून दाखवत होती. खऱ्या पुरात, खऱ्या आगीत प्रत्येक फोन नव्या दारातून येणार. हिनं वहीत लिहूनही ठेवलं होतं, 'पत्ते बदलायचे'. मग आकडे इतके छान आले की कोणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर हिनंही स्वतःला विचारलं नाही. विसरली असं म्हणता आलं असतं. पण विसरणं आणि न आठवू देणं यातला फरक आपला आपल्याला कळतो, आणि तिला तो त्या क्षणी लख्ख कळला.

दहाला दहा कमी असताना तिनं बाबांना फोन लावला. वाजत राहिला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. आंघोळीला गेले असतील. नाहीतर दहाला ते कोपऱ्यावरच्या वाचनालयात जातात. जातात का अजून? आई होती तेव्हा जायचे. आता जातात की नाही हे तिला माहीत नव्हतं, कारण तो प्रश्न पाचांत नव्हता. खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांना फोन करून वर जाऊन बघायला सांगता येईल. त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. चार वर्षांत तो घ्यावा असं तिला कधी सुचलं नव्हतं. यंत्रणेला दुसरी वाट ठेवली आहे का, हे जगाला विचारत फिरणारी बाई ही, आणि स्वतःच्या बापापर्यंत पोचायला हिच्याकडे एकच वायर. उठून सरळ जावं, असं वाटलं. पिशवी उचललीसुद्धा. पण दोनला यंत्रणा बदलणार होती, आणि काय चुकलंय हे अख्ख्या जगात एका तिलाच माहीत होतं. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. ती पिशवी हातात धरून उभी राहिली, आणि तिला रडू आलं नाही, फक्त भीती वाटली, नुसती, लहान मुलाला वाटते तशी.

तिच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'सावकाश' म्हणत. कारण ते सारखं "सावकाश, सावकाश" म्हणायचे आणि स्वतः कायम धावत असायचे. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते एका हातानं चहा पीत होते आणि दुसऱ्यानं टाईप करत होते.

"सर, चाचणी चुकली आहे."

"कुठली?"

"आजची. म्हणजे आज जी लावतोय ती. माझी." तिनं सांगितलं. दोनशे पत्ते, तीस हजार पत्ते, घोकंपट्टी. सांगताना तिला स्वतःचा आवाज कोणा परक्याचा वाटत होता.

सावकाशनी कप खाली ठेवला. "सावकाश. म्हणजे यंत्रणा खराब आहे?"

"माहीत नाही. तेच तर. मी मोजलं खरं, पण यंत्रणेला मोजलंच नाही."

"कदाचित चांगली असेल."

"कदाचित."

त्यांनी टाईप करणं थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुला कळतंय ना तू काय बोलतेयस ते? दोनला वरची मंडळी येणारेत. केंद्रातल्या बाई जुन्या यंत्रणेची चावी फिरवायला तयार बसल्यात. आणि अहवालावर सही तुझी आहे, माझी नाही."

"कळतंय."

"तीन आठवडे कुठे होतीस?"

ती म्हणाली, "खरे पत्ते आता आलेत, नीट आलेत. दीड तास द्या. पुन्हा लावते."

"आणि ठीक निघालं तर हे बोलणं झालंच नाही," सावकाश म्हणाले. "नाही निघालं तर देव आहे आपल्याला."

साडेदहाला तिनं पुन्हा चाचणी सुरू केली. पहिल्या दहा मिनिटांत मिनिटाला वीस फोन, मग चाळीस, मग साठ, असं चढवत न्यायचं असतं. या कामात हात लावायचा नसतो, फक्त बघायचं असतं, आणि बघत बसण्यासारखी छळणूक नाही. स्क्रीनवरची हिरवी रेघ सपाट चालली होती. मधून मधून ती बाबांना फोन लावत होती. पावणेअकरा. अकरा. वाजतोय, म्हणजे फोन चालू आहे. फोन चालू आहे म्हणजे काय, फोनच चालू आहे. रुग्णवाहिकेच्या नंबरवरच फोन करावा, असंही एकदा मनात आलं. पण सांगणार काय? बाबा फोन उचलत नाहीत. हसतील. जिथे तिचीच यंत्रणा दुपारी उत्तरं देणार होती तिथेच फोन करायची तिला लाज वाटली, आणि माणसं लाजेपायी काय काय करत नाहीत याचा ती शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाबद्दल, विचार करत बसली. मग हाताला चाळा म्हणून तिनं फोनमधली यादी उघडली. बाबांना केलेले फोन, एकाखाली एक, तारीख, वेळ, आणि बोलणं किती सेकंद चाललं ते. अठ्ठेचाळीस सेकंद. एक्कावन्न. शेहेचाळीस. पन्नास. पाच सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. छान आकडे. ती बोटानं खाली सरकवत गेली, एक आठवडा, दोन आठवडे, आणि बोट थांबलं. एकोणीस दिवसांपूर्वी, गुरुवारी, सकाळी आठ सतरा. चार मिनिटं अकरा सेकंद.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. चार मिनिटं बाबा काय बोलले? गुरुवार तिला आठवत होता. अहवाल पाठवल्यानंतरचा दुसरा दिवस. चालताना दुसऱ्या हातात ऑफिसचा फोन होता, त्यावर अभिनंदनाचे निरोप येत होते, ती ते वाचत होती, हसत होती. सिग्नलला थांबली होती. पलीकडे एका खिडकीत एक माणूस गादी झटकत होता, तेसुद्धा आठवलं, गादीवरचे निळे पट्टे आठवले. बाबांचा आवाज आठवला, म्हणजे आवाज होता एवढं आठवलं. शब्द एकही नाही. चार मिनिटं ते तिच्याशी बोलत होते आणि तिच्या कानात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. आपण काय म्हणालो असू? 'बरं' म्हणालो असू. 'हो का' म्हणालो असू. तिला एकदम वाटलं, आपण आत्ता ओरडू, सगळ्यांसमोर. तिनं तोंडावर हात धरला. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, आणि बोट उचलून स्क्रीन दाखवला. कारण तिथे हिरवी रेघ वर वळायला लागली होती.

मिनिटाला नव्वद फोनांना उत्तर दोन सेकंदांवर गेलं. शंभरला नऊ. एकशे दहाला एकतीस. त्यानंतर यंत्रणेनं उत्तरं द्यायचं सोडूनच दिलं, आकडाही बदलेना. चारशेचा दावा आणि एकशे दहाला ती मेली. खोलीत दहा-बारा जण जमले होते. केंद्रातल्या बाई फोनवर होत्या. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या किंकाळ्या ऐकून गाड्या पाठवल्या होत्या, आणि त्यांचा आवाज कशानंच चढत नसे.

"मला तुमचा आलेख कळत नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच सांगा, त्या वेळी ज्यानं फोन केला असेल त्याला काय ऐकू येईल?"

"काही नाही," ती म्हणाली. "घंटा वाजत राहील."

"किती वेळ?"

"तो ठेवेपर्यंत."

"ठेवत नाहीत हो लोक," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटतं कोणीतरी उचलेल." मग त्या म्हणाल्या की जुनी बंद करत नाही, ती म्हातारी आहे पण उचलते तरी. आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मी कोणाचं कौतुक करत नाही." तिला ते कौतुक अंगावर घेता येईना. सावकाश कोपऱ्यात उभं राहून वरच्या मंडळींना फोन लावत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर सावकाश बोलत होते. जुना अहवाल मागे घेतल्याचं पत्र लिहून, सही करूनच जायचं, असं त्यांनी सांगितलं. तिनं लिहिलं. खाली सही केली. बाबांनी एकंदर नऊ फोन उचलले नव्हते. ती निघाली तेव्हा एक वीस झाले होते.

टॅक्सीत ती पुढे वाकून बसली होती, जणू त्यामुळे गाडी लवकर जाईल. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, मागे टेका, सिग्नल माझ्या हातात नाहीत." ती टेकली आणि पुन्हा वाकली. दोन वाजून गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंतचे जिने ती एका दमात चढली आणि दारापाशी मात्र तिचा हातच उठेना. तिच्याकडे किल्ली होती. किल्ली आहे हेच तिला भयंकर वाटत होतं, कारण आता न उघडायला कारण नव्हतं. आतून काही आवाज येतो का, तिनं कान लावला. मग उघडलं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, उन्हात. तिच्याकडे बघून म्हणाले, "आलीस."

ती समोरच्या पलंगावर मटकन बसली. जिवंत आहेत, बसलेत, ओळखलं. तिला हसू आलं, रागही आला. "बाबा, सकाळपासून नऊ वेळा फोन केला. उचलायचा ना. मी तिकडे जीव मुठीत घेऊन बसलेय."

"ऐकला, सगळ्या वेळा. आत आहे तो, स्वयंपाकघरात."

"मग उठून घ्यायचा."

"तेच तर," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काहीतरी जड होतं, शब्द जिभेवरून घसरून पडत होते. "साडेनऊला बसलो. मग उठता येईना. हा पाय येत नाही बरोबर."

तिनं तेव्हा कुठे नीट बघितलं. वर्तमानपत्र उजव्या हातानं धरलं होतं. डावा हात मांडीवर पडला होता, तळवा वर, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. शर्टाची वरची दोन बटणं भलत्याच काजांत होती. खुर्चीखाली ओल होती आणि बाबा त्या ओलीकडे न बघता बसले होते, साडेनऊपासून दोन वाजेपर्यंत, पलीकडे वाजणारा फोन मोजत.

"आणि हा हात?"

"हात आधीचा आहे. न्हाणीघरात गेला तो. पडलो. दीड-दोन तास तिथेच होतो, मग सरकत सरकत बाहेर आलो." त्यांनी तिच्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "तुला सांगितलं की मी."

"कधी?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं कधी.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं सांगितलं. तू बरं म्हणालीस. गोळी घेतली का विचारलंस." ते थांबले, दम घेतला. "तेव्हा वाटलं कामात असशील. मग हे पाच दिवस मुद्दाम उलटीपालटी उत्तरं देऊन बघितली. म्हटलं लक्षात येतंय का."

"बाबा, नुसतं सांगायचं होतं ना परत एकदा."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगणार होतो. रोज ठरवायचो. पण परत सांगितलं आणि तू परत बरं म्हणालीस, तर मग काय करायचं? त्याची भीती वाटायची मला."

तिनं पिशवीतून फोन काढला. तोच नंबर, जो दुपारी तिच्या यंत्रणेकडे जायचा होता. दोनदाच घंटा वाजली आणि पलीकडे एका बाईनं उचलला, मागे दुसरे फोन वाजत होते, कोणीतरी खुर्ची सरकवली. पत्ता? तिनं सांगितला. मजला? वय? शुद्धीवर आहेत का? बोलतात का? ती एकेका प्रश्नाला थांबून, बाबांकडे बघून, नीट बघून उत्तर देत होती. गाडी निघाली, बाई म्हणाली, दार उघडं ठेवा, त्यांना उठवू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. ती दार उघडून आली. बाबांचा डावा हात तिनं हातात घेतला. तो गार होता आणि त्यानं तिचा हात धरला नाही.

"हे कधी सुरू झालं?" बाईनं विचारलं. "डॉक्टरांना सांगावं लागतं, आठवून सांगा."

"पाय आज साडेनऊला. हात त्याआधी. एकोणीस दिवस झाले... नाही, वीस."

पलीकडे टाईप करायचा आवाज थांबला. "वीस दिवस? एकटे असतात का? घरच्यांना कळलं कधी?"

बाबांनी मान हलवली, सांगू नकोस म्हणून, आजच कळलं असं सांग म्हणून. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"दुसऱ्याच दिवशी," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं त्यांनी."